तोंडाने घेतात का

डबा विसळून वॉर्डात परत आले तर यांच्या खाटेशेजारचा सलाईनचा स्टँड गेला होता. एवढंच. खाट होती, हे होते, उशाशी पाण्याची बाटली होती, खिडकीच्या गजावर वाळत टाकलेला टॉवेल होता. फक्त जिथे दोन दिवस तो लोखंडी खांब चार चाकांवर उभा होता तिथली फरशी मोकळी होती, आणि कोऱ्या शर्टाच्या छातीवर इस्त्रीचा डाग उठावा तशी ती मला एकदम नजरेत भरली. यांच्या मनगटाच्या वर कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. मी डबा खाली ठेवला. "काढली?" मी विचारलं. "काढली," हे म्हणाले. "कुणी?" "सिस्टरनी." "आणि तुम्ही काढू दिलीत?" यावर हे माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांचंही बरोबर होतं. काही करू द्यायचं की नाही हे आयुष्यात त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मी तर नाहीच नाही.

खिडकीकडून दुसरी खाट आमची. पहिल्या खाटेवर एक सुतार होता, त्याच्या डोक्यावर बाटली होती आणि तिच्यातून थेंब पडत होते. समोरच्या निवृत्त मास्तरला तर दोन. मी वॉर्डभर नजर फिरवली. निम्म्या लोकांच्या डोक्यावर काही ना काही टांगलेलं होतं, निम्मे तसेच पडले होते, आणि मला त्या निम्म्यांची तोंडं बघवेनात. आमची लाँड्री होती, एकतीस वर्षं. दांड्यावर ज्याचे कपडे लटकताहेत तो माणूस परत येणार. ज्याच्या नावाची जागा रिकामी झाली ते गिऱ्हाईक गेलं. डोक्यात एकदा बसलेली गोष्ट म्हातारपणी निघत नाही, आणि मी कशाला काढू? सिस्टरला गाठलं. ती म्हणाली, "आजी, आजोबांचा ताप उतरला. फुफ्फुसातली सूज कमी होतेय. खातात, पितात. तेच औषध आता गोळीतून. कॉम्प्युटरवरच आलं तसं." मी म्हटलं, "कॉम्प्युटर येऊन नाडी बघून गेला का?" ती हसली. मला हसणाऱ्या माणसांचा राग नाही, पण यांच्या खाटेपाशी उभं राहून हसायचं नाही. "तुमच्या सूनबाईंनाच विचारा की," ती म्हणाली, "त्यांनीच तर बसवलंय हे सगळं."

सून याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर. रोग्याला हात लावत नाही, सुई टोचत नाही. डॉक्टर ज्या पडद्यावर औषधं लिहितात तो पडदा तयार करते. मागे एकदा घरी जेवता जेवता तिने मुलाला सांगितलं होतं, मला ऐकू जाईल अशा बेताने. म्हणाली, आमच्याकडे निम्म्या बाटल्या फुकट लागतात. माणूस पोटभर जेवतोय आणि हातात सुई. सुई काढायची कुणाला आठवण नसते. दोन दिवसांची चार दिवस राहते, मग हात सुजतो, लागण होते, कमजोर हृदयाच्या माणसाच्या छातीत पाणी होतं. म्हणून आता डॉक्टरने शिरेतून द्यायचं औषध लिहिलं की पडदा आधी विचारतो: तोंडाने घेतात का? हो म्हटलं की गोळी पुढे येते. आणि बाटली लावलीच तर दोन दिवसांनी ती आपोआप संपते. पाहिजे असेल तर डॉक्टरने कारण लिहून पुन्हा मागायची. मुलगा अभिमानाने मान हलवत होता. त्याची मान त्याच्या वडलांवर गेली आहे, समोर बाई बोलली की हलते. मी म्हटलं, "म्हणजे आता कुणाला काय द्यायचं ते तू ठरवणार." "मी नाही आई, डॉक्टरच ठरवतात. पडदा फक्त विचारतो." "विचारणाऱ्याच्याच हातात सगळं असतं गं. मी एकतीस वर्षं दुकानात दुसरं काय केलं?" तिने पेला उचलला. पाणी प्यायली. ती अशी पाणी पिऊन गप्प बसते तेव्हा मला वाटतं, ही मला कुठल्यातरी रकान्यात टाकून मोकळी झाली.

आणि आता तिच्या त्या पडद्याने माझ्या नवऱ्याची बाटली काढून घेतली होती. मी स्टुलावर बसले. हे उशीला टेकून सुताराच्या बाटलीकडे बघत होते, का खिडकीकडे, कोण जाणे. चेहऱ्यावर तजेला होता, हे मला दिसत होतं. सकाळी त्यांनी दुधात बुडवून दोन पाव खाल्ले होते आणि केळं मागितलं होतं, हे मला माहीत होतं. पण दिसणं आणि माहीत असणं यांचा भीतीशी काही संबंध नसतो. ती भीती जुनी आहे. आमची पहिली मुलगी सात महिन्यांची होऊन गेली. जुलाब लागले. गल्लीत एक दवाखान्याची बाई फिरायची, ती आली आणि म्हणाली, पाणी उकळून गार करा, मीठसाखर घाला, वाटीवाटीने पाजत राहा, उलटली तरी थांबू नका. मी तिला हाकलली. पाण्याने कधी कोण बरं झालंय? मला बाटली पाहिजे होती. काचेची, उलटी टांगलेली, नळी आलेली. ती म्हणजे औषध. मी पोरीला दुपट्यात गुंडाळून निघाले, तेव्हा हे वाटी घेऊन दारात उभे होते. पाणी केलं होतं त्यांनी, कधी केलं कळलं नाही. म्हणाले, "एवढं पाजू का?" मी म्हटलं, "नको. तिकडे एकदम लावतील." एका दवाखान्यात बाटली नव्हती, दुसऱ्यात डॉक्टर नव्हता, तिसऱ्यात बाकावर बसवलं. सकाळपासून दुपारपर्यंत मी तिला थेंब दिला नाही, कारण आता लावतीलच ना. तिसऱ्या डॉक्टरने नंतर हात धुताना म्हटलं, थोडं आधी बाटली लागली असती तर. मी ते वाक्य घट्ट धरलं. बेचाळीस वर्षं धरून आहे. वाटीचा विषय यांनी कधी काढला नाही, भांडणातसुद्धा नाही; आमच्यात भांडण म्हणजे मी बोलायचं आणि यांनी इस्त्री जरा जोरात आपटायची. आणि तेव्हा स्टुलावर बसून मला त्या वाटीची आठवण झाली नाही. मला आठवला तो डॉक्टर, हात धुणारा.

दुपारी पाळी बदलली. नवी सिस्टर कॉम्प्युटरची ढकलगाडी घेऊन खाटेखाटेपाशी थांबत आली. "काय आजोबा, जेवलात? गोळी घेतली?" यांनी तोंड उघडलं, आणि ते हो म्हणणार हे मला ओठांवरूनच कळलं, म्हणून मी आधी बोलले. "काही टिकत नाही पोटात. गोळीसकट सगळं उलटलं." तिने यांच्याकडे पाहिलं. "उलटी झाली का आजोबा?" यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही केलं नाही, डोळासुद्धा मिचकावला नाही, पण सेहेचाळीस वर्षांच्या संसारात डोळे मिचकावायची गरज उरत नाही. "उलटी होते," हे म्हणाले, "काही टिकत नाही." "किती वेळा झाली?" "किती वेळा?" यांनी मला विचारलं. "तीनदा," मी म्हणाले. "तीनदा," हे म्हणाले. सिस्टरने टकटक केलं. मी मान लांब करून बघितलं. चौथीपर्यंतची अक्षरं मला लागतात, वेळ लागतो पण लागतात. तोच प्रश्न होता, सुनेचा. त्याच्यापुढे तिने 'नाही' वर बोट ठेवलं, आणि पडद्याचा रंग बदलला. तासाभरात स्टँड परत आला. डाव्या हाताची शीर सापडेना. दोनदा टोचून चुकलं, तिसऱ्यांदा निळं झालं, चौथ्यांदा कोपराखाली लागली. हे छताकडे बघत होते. थेंब पडायला लागले तसा माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, बघ गं, तुझ्या पडद्याला मी एका वाक्यात फिरवला. मला इतकं बरं वाटलं की मी सुताराच्या बायकोला माझ्यातलं अर्धं केळं दिलं.

मग त्यांनी खाटेच्या पायथ्याशी पाटी लावली. तोंडाने काही देऊ नये. मी अक्षर अक्षर लावून वाचली आणि मला ती नीट कळली नाही. म्हणजे शब्द कळले, त्यातून पुढे काय येणार ते कळलं नाही. ते संध्याकाळी कळलं. यांनी माझा हात ओढला आणि म्हणाले, "भूक लागली गं." बाटली पोट भरत नाही. एवढी साधी गोष्ट. दुकानातल्या वाफेत दिवसभर उभं राहून या माणसाने कधी मला भूक लागली असं म्हटलेलं नाही. मी वाढीन तेव्हा जेवायचं. मी खाटेभोवतीचा कापडी पडदा ओढला, डब्यातलं दूध काढलं, पाव कुस्करला, आणि भरवायला लागले. पावलं वाजली की मी बोट ओठांवर ठेवायची. हे घास तोंडात धरून ठेवायचे. पहिल्यांदा सिस्टरने एकदम पडदा सरकवला तेव्हा यांचे गाल फुगलेले, माझ्या मागे डबा, आणि मला दुसरं काही सुचलं नाही, मी खाटेखालचा उलटीचा ट्रे हनुवटीखाली धरला आणि म्हटलं, "टाका." यांनी टाकलं. पांढरं, दुधाचं. सिस्टर म्हणाली, "अरेरे, अजून होतेय," आणि गाडीवर जाऊन लिहिलं. ती गेल्यावर यांनी तोंड पुसून मला विचारलं, "बरोबर केलं ना?" मी म्हटलं, "अगदी बरोबर." तेव्हा ते हसले. दात काढून, पोरासारखे. मला ते हसू अजून पुसता येत नाही. शिकवलेलं करून दाखवल्याचं हसू होतं ते, आणि मीही हसले होते.

असे दोन दिवस. रोज थोडं पोटात जायचं, थोडं ट्रेमध्ये. डॉक्टरांचा राउंड झाला की मी कान टवकारून बसायची. पोटाचा फोटो काढला, त्यात काही नाही. रक्त तपासलं. यांच्या फुफ्फुसाबद्दल कुणी बोलेना, सगळे पोटाबद्दलच बोलायला लागले, आणि मला एकीकडे गंमत वाटायची नि एकीकडे खोल कुठेतरी शिवण उसवत चालल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "हात ठणकतोय." मी म्हटलं, "औषध आत जातंय म्हणून ठणकतो. सोसा जरा." सिस्टर विचारायला आली, "आजोबा, हाताला दुखतंय का?" आधी माझ्याकडे बघून हे म्हणाले, "नाही." वारा लागू नये म्हणून मी हातावर टॉवेल टाकून ठेवला होता. वाऱ्यासाठीच टाकला होता. दुसरं कशासाठी नाही, हे मी कुणासमोरही सांगेन, पण कुणी विचारतच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी टॉवेल उचलला तर कोपरापासून वर दंडाकडे लाल दोरी ओढल्यासारखी रेघ गेली होती. हात लावला तर तापलेल्या इस्त्रीसारखा. हे थरथरत होते. मी हाक मारली, "अहो," तर त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखलंही, पण ते दुकानात होते. चांगल्या हाताचा तळवा चादरीवर दाबून पुढे नेत होते, मागे आणत होते, कडेला आलं की मनगट वळवत होते. चादर सुरकुतायची आणि ते पुन्हा सुरुवातीपासून करायचे. "कॉलर राहिली," म्हणाले. मी ओरडले. वॉर्डात माझा आवाज यापूर्वी भांडायला चढला होता, आज नुसताच चढला. सिस्टर धावत आली, टॉवेल बघितला, हात बघितला, आणि तिचं तोंड पडलं. सुई काढली. बोळ्यावर पिवळं आलं.

डॉक्टर तरुण होता, रात्रभर जागल्यासारखे डोळे. माझ्यापेक्षा कागदाशी जास्त बोलत होता. "लागण सुईच्या जागेवरून झालीय. अजून हातापुरती आहे असं वाटतंय, पण पसरली तर जड जाईल. हातात आता शीर नाही. यावरचं औषध गोळीतही येतं, पण यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागेल. आणि उलट्या का थांबत नाहीत ते बघायला घशातून कॅमेरा घालू. त्याला गुंगी द्यावी लागते. फुफ्फुसं अजून भरलेली आहेत, त्यामुळे…" "त्यामुळे काय?" मी विचारलं. "धोका आहे, आजी. पण दोन दिवस झाले, आणखी उपाशी तरी कसं ठेवायचं? चार वाजता नेऊ. कागदावर सही लागेल. मुलाला बोलवा." मुलगा दुसऱ्या गावी कामावर होता, पोचायला संध्याकाळ झाली असती. सून तिसऱ्या मजल्यावरून खाली आली. आली ती माझ्याकडे आली नाही, ढकलगाडीकडे गेली. उभ्याउभ्या सगळं वाचलं. तिचं बोट पडद्यावरून खाली खाली जात होतं आणि मी ते बोट बघत होते, जणू ते माझ्याच पाठीवरून फिरत होतं.

मग ती आली. सासऱ्यांच्या कपाळावर हात ठेवला. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, एक विचारू? तिसऱ्या दिवशी सकाळी लिहिलंय, नाश्ता पूर्ण केला, केळं मागितलं. दुपारी तीन उलट्या. नंतर रोज उलटी, आणि वजन मात्र तसंच. बाबा खरंच काही खात नाहीत?" मी म्हटलं, "मी खोटं बोलते का?" "तसं नाही म्हटलं." "मग कसं म्हटलंस? चार बुकं शिकलीस म्हणजे सासूची उलटतपासणी घ्यायची?" तिने इकडेतिकडे बघितलं. पाणी प्यायला जवळ पाणी नव्हतं. मग म्हणाली, "आई, चूक माझीही असेल. मी प्रश्न टाकला, तोंडाने घेतात का. उत्तर कोण देतं ते मी विचारलंच नाही. माझ्या डोक्यात होतं, डॉक्टर बघून लिहील." आणि तिचे डोळे भरले. मला तिचे भरलेले डोळे चालले नाहीत. तिने ओरडायला हवं होतं. ओरडली असती तर मी तिला पुरून उरले असते, तेवढी ताकद माझ्यात कायम असते. पण समोरच्याने अर्धी चूक आपल्या अंगावर घेतली की उरलेली अर्धी किती मोठी आहे ते उघडं पडतं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. मी व्हरांड्यात गेले, परत आले. वाकून बुटाची नाडी बांधणारा माणूस, पुसलेली फरशी, कुणाची तरी रिकामी व्हीलचेअर, सगळं मला फार स्वच्छ दिसत होतं, कडा कापून काढल्यासारखं. आणि मनात हिशेब नव्हता, विचार नव्हता, एकच वाक्य पुढे येत होतं आणि ओठांपर्यंत येऊन परत जात होतं. मी कधी कुणाची माफी मागितलेली नाही. गिऱ्हाइकाचा शर्ट जळला तरी मी म्हणायची, कापडच हलकं होतं. यांनी जाळलेला असो की मी, कापडच हलकं. सासू गेली तेव्हा नाही, मुलाने तोंड फिरवलं तेव्हा नाही. मला वाटायचं, माफी मागितलेल्या बाईचं घरात कोण ऐकेल? आणि आता कुणी ऐकायलाच हवं होतं, आणि चाळीस मिनिटं उरली होती.

डॉक्टर कागद घेऊन आला तेव्हा मी खाटेच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिले. "नेऊ नका," मी म्हटलं. "त्यांना उलट्या होत नाहीत. कधीच झाल्या नाहीत. मी खोटं सांगितलं." सिस्टर थांबली. सुताराची बायको थांबली. "बाटली काढली म्हणून सांगितलं. मी त्यांना रोज भरवते. ते गिळतात. चांगलं गिळतात." सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, तेवढं एक तिने चांगलं केलं. डॉक्टरने मोठा श्वास सोडला. तो मला रागावला नाही. समजुतीच्या आवाजात बोलायला लागला, आणि ते जास्त वाईट होतं. "आजी, सही करायची वेळ आली की सगळे घाबरतात. मागच्या महिन्यात एका मुलाने असंच सांगितलं, वडील सगळं खातात म्हणून. खाऊ दिलं, श्वासनलिकेत गेलं." "अहो, पण मी सांगतेय ना!" "दोन दिवसांच्या नोंदी आहेत. सिस्टरनी डोळ्यांनी बघितलंय." "तो दूधपाव होता! मीच ट्रे धरला होता!" तो सिस्टरकडे वळला, सिस्टर गाडीवरची नोंद उघडू लागली. मग तो यांच्यावर वाकला. "आजोबा, खरं सांगा. उलटी होते का?"

यांची चादरीवरची इस्त्री थांबली. तापाने डोळे लाल झाले होते, पण त्या लालीतून त्यांनी मला शोधलं, माझ्यावर नजर स्थिर केली. मी मान हलवली, नाही नाही, दोन्ही हातांनी सांगितलं, नाही. त्यांनी ते सगळं बघितलं. माझा चेहरा इतक्या लोकांपुढे असा कधी झालेला त्यांनी पाहिला नव्हता. मला वाटतं, त्यांना एवढंच कळलं की बायको अडचणीत आहे. "उलटी होते," ते म्हणाले. एक एक शब्द जपून, पाठ केलेला. "काही टिकत नाही. तीनदा."

"ऐकलंत?" डॉक्टर म्हणाला. सून पुढे झाली. "डॉक्टर, दोन घोट पाणी देऊन बघू या का? तुमच्यासमोर. बसवून. पाच मिनिटं." तो घड्याळ बघून म्हणाला, "बघा." खाट वर केली. सुनेने पेला यांच्या ओठांना लावला. यांनी घोट घेतला. मी म्हटलं, "गिळा अहो. गिळा." गाल फुगलेले, ओठ मिटलेले, आणि नजर माझ्यावर. सिस्टर पलीकडे उभी होती, तिच्या पावलांचा आवाज त्यांनी ऐकला होता. "गिळा, मी सांगते ना, यावेळी गिळायचं," मी म्हटलं, आणि माझा आवाज चिरकला. ते माझ्या तोंडातून शब्द बाहेर येताना बघत होते, पण ऐकत होते दुसरंच काहीतरी, आधीचं. मग त्यांनी हळूच, कुणाला त्रास होणार नाही असं, सगळं पाणी हनुवटीवरून छातीवर सोडून दिलं. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर केलं ना?"

डॉक्टरने पेन उघडलं, पण लिहिलं नाही. त्याने एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच कागदाबाहेर पाहिलं त्याने. सुनेने स्वतःच्या रुमालाने यांची छाती कोरडी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्ही बाहेर थांबा." मी म्हटलं, "मी? मी बाहेर गेले तर यांना कोण…" "बाहेर थांबा, आई. तुम्ही दिसलात की ते तुमचंच करतात." हे तिने रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मी हलले नसते. लग्न झाल्यापासून हे आजारी असताना मी यांच्या खोलीबाहेर उभी राहिलेली नाही. मी पिशवी उचलली, का उचलली माहीत नाही, पुन्हा ठेवली. यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनी माझ्या बघण्यातून परत काहीतरी काढलं असतं. दारातून बाहेर आले आणि सिस्टरने ते मागून लावून घेतलं.

दार अर्धं काचेचं, पण काच धुरकट. आतल्या माणसांचे नुसते रंग दिसत होते. सुनेचा आवाज आला, "बाबा, पाणी प्या. थोडंसंच. आणि गिळा." मग यांचा आवाज, बारीक, जणू काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगताहेत, "तिला विचारा." "आई नाहीत इथे, बाबा. तुम्हीच सांगा. तहान लागलीय?" "तिला विचारा ना." माझं तोंड उघडलं होतं. हो म्हणा, गिळा, मी हो म्हणते, एवढंच ओरडायचं होतं, आणि भिंतीपलीकडून ओरडले असते तरी त्यांनी ऐकलं असतं. आणि ओरडले असते तर त्यांनी पुन्हा पाणी धरून ठेवलं असतं, माझं पुढचं वाक्य येईपर्यंत. मी दोन्ही तळवे तोंडावर दाबले. दात हाताला लागले. आत पेला ट्रेवर ठेवल्याचा आवाज झाला, पुन्हा उचलल्याचा झाला. "बाबा," सून म्हणाली, "मी इथेच आहे. घाई नाही." व्हरांड्याच्या टोकाकडून यांना न्यायची ती चाकांची लांब खाट येताना दिसली, तिला ढकलणारा माणूस कुणाशी तरी बोलत हसत येत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं. तो थांबला. मी काचेला कपाळ लावलं आणि गप्प राहिले.